शिकवणीचा करार

पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी गाण्याच्या शिक्षणाला वेळापत्रक, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा दिली. त्याचबरोबर शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांनी एकमेकांकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही त्यांनी प्रथमच स्पष्ट केले.

5 मे 1901 रोजी लाहोर शहरात एका मराठी गवयाने संगीताची शाळा उघडली. शाळेला गांधर्व महाविद्यालय असे भारदस्त नाव दिले. बसायला जाजम अंथरले, तंबोरे जुळवून ठेवले, वर्गांच्या वेळा ठरवल्या. सगळी सिद्धता होती, फक्त विद्यार्थी नव्हते. पहिले काही दिवस एकही मुलगा दाखल झाला नाही. तरीही ठरलेल्या वेळी शाळेचे दार उघडत असे आणि अठ्ठावीस वर्षांचे विष्णुबुवा तंबोरा घेऊन एकटेच गात बसत असत.

मुले येत नव्हती याचे कारण त्यांचे पालक होते. त्या काळच्या पंजाबात, आणि खरे तर साऱ्या देशात, सुखवस्तू घरांना गाणे ऐकायला हवे असे. पण आपल्या घरातील मुलाने ते शिकावे हा विचार कोणाला सहन होत नसे. गाणे म्हणजे कोठा, गाणे म्हणजे व्यसन, गाणे म्हणजे अभ्यासावर पाणी, अशी समजूत पक्की होती. मुलीने गाणे शिकण्याचा तर प्रश्नच नव्हता. लाहोरच्या त्या रिकाम्या खोलीत विष्णुबुवांना प्रथम जिंकायचे होते ते आईवडिलांचे मन. पुढील तीस वर्षांच्या त्यांच्या खटाटोपाचा मोठा भाग याच एका कामात खर्ची पडला.

कुरुंदवाड ते मिरज

विष्णू दिगंबरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. त्यामुळे अभंग, आर्या, साकी, दिंडी हे सारे मुलाच्या कानावर नकळत पडत होते. मुलगा इंग्रजी शिकेल, नोकरीला लागेल, अशीच घरच्यांची कल्पना होती. मात्र लहानपणीच उत्सवातील शोभेच्या दारूचा स्फोट होऊन त्याच्या डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला नेले. डोळे वाचले, पण दृष्टी कायमची अधू झाली. शाळेचे शिक्षण थांबले. आवाज चांगला आहे, तेव्हा या मुलाने गाणे शिकावे, असा सल्ला मिळाला आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्याची रवानगी पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झाली.

संगीताचा मार्ग त्यांना असा अपघाताने मिळाला. दुसरे काही जमणार नाही म्हणून गाणे, ही त्या काळची सर्वसाधारण पालकनीती त्यांच्याही वाट्याला आली. पुढे याच नीतीविरुद्ध ते आयुष्यभर उभे राहिले.

बाळकृष्णबुवा हे ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गवई. ही विद्या त्यांनी पायपीट करून, घरोघरी अन्न मागून, गुरुगृही पडेल ते काम करून मिळवली होती. ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींनी त्यांना शिकवले, तोवर त्यांचे निम्मे तारुण्य सरले होते. गुरुकुल पद्धतीत लेखी असे काहीच नसे. किती वर्षे शिकायचे, रोज काय शिकायचे, आज शिकवणी होणार की नाही, हे सारे गुरूच्या मर्जीवर. पाणी भरावे, कपडे धुवावेत, पाय चेपावेत आणि गुरूला लहर आली की कान टवकारून बसावे. या पद्धतीने मोठे गवई घडले यात शंका नाही. पण किती मुले वाटेतच गळाली याचा हिशेब कोणी ठेवला नाही आणि मुलाचे काय झाले हे गुरूला विचारण्याची सोय पालकांना नव्हती.

विष्णुबुवा सुमारे नऊ वर्षे बाळकृष्णबुवांकडे शिकले. राजाश्रयामुळे त्यांना इतर शिष्यांइतके हाल सोसावे लागले नाहीत. मात्र मिरजेतील एका प्रसंगाने त्यांच्या मनावर चरा उमटला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गावातील एका समारंभाचे निमंत्रण प्रतिष्ठितांना गेले. संस्थानिकांच्या मर्जीतील म्हणून विष्णुबुवांनाही आले. पण त्यांच्या गुरूंना आले नाही. गवयाला पानसुपारीच्या सभेत कशाला बोलवायचे, अशी त्यामागची भावना होती. ज्याच्या पायाशी बसून आपण विद्या घेतो त्याला समाजात बसायला जागा नाही, ही गोष्ट त्या तरुणाला जिव्हारी लागली. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडले. हाताशी आश्रय असताना तो सोडून बाहेर पडणे हे त्या काळी धाडसच होते.

तिकीट लावून गाणे

सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर अशी भटकंती करत ते उत्तरेकडे गेले. मथुरेत त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. काठेवाडच्या दौऱ्यात त्यांनी संस्थानिकाच्या दिवाणखान्याबाहेर पडून सर्वसामान्यांसाठी तिकीट लावून गाण्याचा जाहीर कार्यक्रम केला. तिकीट लावून मैफल करणारे ते अगदी सुरुवातीच्या गवयांपैकी एक मानले जातात. आज यात विशेष काही वाटणार नाही. पण तिकीट म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेले मोल आणि दोन्ही बाजूंवर बंधन. श्रोता पैसे देणार, गवई वेळेवर येऊन नीट गाणार. बिदागीच्या जागी मोबदला आला. हाच विचार त्यांनी पुढे शिकवणीला लावला.

गिरनारच्या परिसरात भेटलेल्या एका साधूने त्यांना पंजाबकडे जाण्याचा आदेश दिला, अशी आख्यायिका आहे. कारण काहीही असो, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, भाषा वेगळी, ओळखी मोजक्या, अशा ठिकाणी त्यांनी शाळा काढली. ती कोणा एका संस्थानिकाची नव्हती. लोकवर्गणी, विद्यार्थ्यांचे शुल्क आणि स्वतः बुवांच्या मैफलींचे उत्पन्न यांवर ती चालायची होती.

पालकांशी बोलणी

लाहोरच्या शाळेत हळूहळू मुले येऊ लागली. ती आली याचे कारण बुवांचा सुरेल आवाज जितके होते तितकीच शाळेची शिस्तही होती. वर्ग ठरल्या वेळी भरत. प्रार्थनेने सुरुवात होई. कोणत्या वर्षी कोणते राग, किती तालांची ओळख, याचा क्रम आखलेला असे. हजेरी होती, परीक्षा होत्या, उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र होते. वडिलांनी येऊन चौकशी केली तर मुलगा कुठवर आला आहे हे सांगता येत असे. शाळा-कॉलेजांत मुले पाठवू लागलेल्या मध्यमवर्गाला ही भाषा समजत होती.

दुसरा मोठा अडसर बंदिशींच्या शब्दांचा होता. ख्याल-ठुमरीतील शृंगार घरातील वडीलधाऱ्यांना खटकत असे. विष्णुबुवांनी अनेक बंदिशींच्या चाली कायम ठेवून त्यांवर भक्तिपर शब्द बसवले. तुलसीदास, सूरदास, मीरा, कबीर यांची पदे रागांत बांधली. मुलगा घरी जाऊन जे गुणगुणेल ते आजीलाही ऐकता यावे, इतका साधा विचार त्यामागे होता. मुली आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र वर्ग निघाले आणि महिला संगीत या नावाचे पुस्तकही त्यांनी काढले.

सर्वांत मोठे काम पुस्तकांचे. त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली आणि ती छापण्यासाठी स्वतःचा छापखानाही उभारला. संगीत बालप्रकाश, संगीत बालबोध, रागप्रवेश अशा पुस्तकमाला त्यांनी प्रसिद्ध केल्या. संगीतामृत प्रवाह हे मासिक चालवले. शिष्याने चोरून ऐकू नये म्हणून चिजा लपवून ठेवण्याच्या काळात त्या थोड्या पैशांत बाजारात मिळू लागल्या. अनेक जुन्या गवयांना हा विद्येचा बाजार वाटला. बुवांच्या दृष्टीने ती पालकांच्या हाती दिलेली पावती होती. शुल्क देणाऱ्याला आपण कशाचे शुल्क देतो हे कळले पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता.

अर्थात, पुस्तकावरून गाणे येते असा त्यांचा भ्रम नव्हता. स्वरलिपी ही आठवणीसाठी. गळ्यावर चढवायला गुरूच लागतो, हे ते जाणून होते. म्हणूनच त्यांनी शाळेत दोन वेगवेगळ्या वाटा केल्या.

नऊ वर्षांची लेखी हमी

पहिली वाट हौसेने शिकणाऱ्यांची. हे विद्यार्थी शुल्क भरून ठरल्या वेळी येत आणि शिकून घरी जात. त्यांच्याकडून नियमितपणा, वाद्यांची काळजी आणि शाळेची शिस्त एवढीच अपेक्षा होती. त्यांच्यातून प्रत्येक जण मोठा गवई होईल असे आश्वासन बुवांनी कधी दिले नाही. तानसेन घडवण्यापेक्षा जाणते कान घडवणे, म्हणजेच कानसेन निर्माण करणे, हे आपल्या शाळेचे काम आहे, असे ते मानत. पालकांनी मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी याचे हे उत्तर आजही अनेकांना पचणार नाही इतके प्रामाणिक आहे.

दुसरी वाट उपदेशक वर्गाची. संगीताचा प्रसार करणारे शिक्षक तयार करण्यासाठी हा वर्ग होता. येथे मुलाला निवडून घेतले जाई. त्याचे जेवणखाण, राहणे, कपडे आणि शिक्षण यांचा सारा खर्च संस्था करी. त्याच्या बदल्यात मुलाच्या पालकाला नऊ वर्षांचा लेखी करार करावा लागे. मध्येच मुलाला काढून न्यायचे नाही, थोडे गाणे आले की त्याला मैफलीला किंवा नाटक कंपनीत धाडायचे नाही, असा त्याचा मथितार्थ होता. बुवा स्वतः गुरूकडे सुमारे नऊ वर्षेच राहिले होते. फरक एवढाच की त्यांच्या वेळी नऊ वर्षे होणार हे कोणालाच आधी ठाऊक नव्हते, आणि येथे ते पहिल्या दिवशी कागदावर होते.

या वर्गातील मुलांचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होई. व्यायाम, प्रार्थना, रियाज, वर्ग, लहान मुलांना शिकवणे, छापखान्यातील कामे, वाद्यांची दुरुस्ती आणि रात्री पुन्हा रियाज. व्यसनाला थारा नव्हता. बुवा कठोर होते. पण मुलांना पाहुण्यांच्या पंगतीत मानाने बसवावे, गवई म्हणून त्यांना कोणी दारात उभे करू नये, याविषयीही ते तितकेच आग्रही होते. मिरजेतील त्या न आलेल्या निमंत्रणाची भरपाई ते या मुलांच्या रूपाने करत होते, असे म्हणता येईल.

या वर्गात आलेली मुले श्रीमंत घरची नव्हती. मिरजेचे विनायक पटवर्धन 1907 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, संस्थानच्या शिष्यवृत्तीवर लाहोरला पोहोचले. कोल्हापूरचे शंकरराव आणि नारायणराव व्यास हे बंधू आले. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा ज्या भडोचच्या पुढे सागराला मिळते, त्या भडोचमधून ओंकारनाथ ठाकूर आले. त्यांच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य. त्यांच्यातील गुण हेरून एका पारशी सद्गृहस्थाने, शापूरजी मंचेरजी डुंगाजी यांनी, त्यांना बुवांच्या मुंबईच्या शाळेत पोहोचवले. पालकत्व निभावायला रक्ताचे नाते लागतेच असे नाही, हे त्या गृहस्थांनी दाखवून दिले. 1916 मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ओंकारनाथ लाहोरच्या शाळेचे प्राचार्य झाले.

मुंबईतील भरभराट

1908 मध्ये विष्णुबुवांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालयाची शाखा काढली आणि पुढे तेच संस्थेचे मुख्य केंद्र बनले. येथे प्रतिसादासाठी वाट पाहावी लागली नाही. गिरगाव-ठाकुरद्वार परिसरातील मराठी आणि गुजराती कुटुंबांनी मुले-मुली पाठवली. वर्ग वाढले, तशी जागा अपुरी पडू लागली. सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. 1918 पासून बुवांनी तेथे संगीत परिषदा भरवल्या.

त्याच सुमारास मुंबईतच पं. विष्णू नारायण भातखंडे यांचे काम चालू होते. दोघांचे मार्ग निराळे. भातखंडे यांनी घराण्यांच्या उस्तादांकडून हजारो चिजा गोळा केल्या, शास्त्राची मांडणी केली, 1916 मध्ये बडोद्याला परिषद भरवली. पलुस्करांचा भर शाळा, शिष्य आणि लोकसंग्रह यांवर राहिला. संगीताला सुशिक्षितांच्या घरात जागा मिळवून देण्याचे काम मात्र दोघांनीही केले.

पलुस्करांचे शिष्य बी. आर. देवधर यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यांनी गाण्याबरोबर पदवीपर्यंतचे शिक्षण घेतले. मुंबईतील इटालियन संगीतज्ञ स्क्रिन्झी यांच्याकडे पाश्चात्त्य संगीताचेही धडे घेतले. गाणे की अभ्यास, या पालकांच्या नेहमीच्या प्रश्नाला त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने उत्तर दिले. 1925 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचे संगीत विद्यालय सुरू केले आणि पुढे कुमार गंधर्वांसारखा शिष्य घडवला.

नारायण मोरेश्वर खरे या शिष्याला बुवांनी महात्मा गांधींच्या आश्रमात पाठवले. साबरमतीची प्रार्थना आणि आश्रम भजनावली यांना खरेशास्त्रींनी स्वर दिला. 1930 च्या दांडीयात्रेतही ते चालले. गाणे शिकलेला मुलगा देशाच्या कामी येऊ शकतो, हे पालकांना पटवण्यासाठी याहून मोठा दाखला कोणता? बुवा स्वतः काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गात. 1923 च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आक्षेप घेतला, तरीही त्यांनी गीत पूर्ण केले.

मोडलेली वचने

या साऱ्या उभारणीचा पाया मात्र कर्जावर होता. उपदेशक वर्गातील मुलांचा खर्च, छापखाना, इमारत यांचा भार शुल्कातून निघणे शक्य नव्हते. बुवा वर्षातील कितीतरी महिने दौऱ्यावर राहून मैफलींतून पैसा उभा करत आणि तो शाळेत ओतत. पण व्याज वाढत गेले. 1924 मध्ये सावकारांच्या देण्यापोटी सँडहर्स्ट रोडची इमारत हातातून गेली. ज्या माणसाने पालकांना हिशेबाची, वेळेची आणि नियमांची सवय लावली, त्याला स्वतःच्या संस्थेचा ताळेबंद सांभाळता आला नाही. मुलांना फुकट शिकवण्याचा शब्द त्याने पाळला. त्याची किंमत इमारतीने चुकवली.

दुसरा घाव शिष्यांकडून आला. पोटच्या मुलाप्रमाणे वाढवलेले विनायकराव पटवर्धन 1922 मध्ये बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले. विनायकरावांच्या बाजूने पाहिले तर ते चोवीस वर्षांचे होते, गळा तयार होता आणि त्या काळी मराठी रंगभूमीइतका मान आणि पैसा गायकाला अन्यत्र कुठे नव्हता. गुरूच्या बाजूने पाहिले तर करारामागचा सारा हेतूच विफल झाला होता. ज्या मोहापासून मुलांना दूर ठेवण्यासाठी नऊ वर्षांची हमी घेतली, त्याच मोहाने पट्टशिष्य नेला, ही खंत गुरूंना होती.

बुवांच्या पद्धतीवर टीकाही झाली. एका वेळी अनेकांना शिकवल्याने गायकीचे बारकावे हरवतात, परीक्षेने गवई होत नाही, असे घराण्यांचे गायक म्हणत राहिले; त्यात तथ्य नव्हते असे नाही. अलीकडच्या अभ्यासकांनी आणखी एक प्रश्न विचारला आहे. मध्यमवर्गीय हिंदू पालकांना गाणे आपलेसे वाटावे म्हणून बुवांनी शिक्षणाला जे भक्तीचे रूप दिले, त्यात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपणारे मुसलमान उस्ताद आणि गाणाऱ्या स्त्रिया मागे लोटल्या गेल्या, असे त्यांचे म्हणणे आहे. बुवांच्या स्वतःच्या गायकीचा उगमही ग्वाल्हेरच्या हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या परंपरेत होता, हे लक्षात घेता हा प्रश्न टाळता येणार नाही. पालकांचा विश्वास मिळवण्याची किंमत कोणीतरी मोजली, हे मान्य करावेच लागेल.

आता पालक कोण?

इमारत गेल्यानंतर बुवांचे मन संस्थेच्या व्यापातून निघाले. 1922 मध्ये त्यांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापन केला होता. त्यांचे उरलेले आयुष्य मुख्यतः रामनामात, तुलसी रामायणाच्या प्रवचनात आणि भजनात गेले. भगवी वस्त्रे अंगावर आली. रघुपती राघव राजाराम ही धून घरोघरी पोहोचली, तिच्या स्वररचनेचे श्रेय परंपरेने त्यांनाच दिले जाते.

घरातील दुःख याहून मोठे होते. विष्णुबुवा आणि रमाबाई यांना बारा अपत्ये झाली; त्यांपैकी अकरा लहानपणीच दगावली. शेकडो मुलांचे शिक्षण मार्गी लावणाऱ्या या माणसाच्या घरात एकच मुलगा वाचला. 28 मे 1921 रोजी जन्मलेला हा मुलगा म्हणजे दत्तात्रेय. त्याला पुरेसे शिकवण्याइतका अवधी वडिलांना मिळाला नाही. प्रकृती ढासळल्यावर बुवांना मिरजेला आणण्यात आले. जेथे गाणे सुरू झाले त्याच गावी 21 ऑगस्ट 1931 रोजी त्यांचे निधन झाले. एकोणसाठ वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस उलटले होते. दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. मागे मालमत्ता नव्हती.

यानंतर जे घडले त्यावरून विष्णुबुवांच्या शिकवणीचे मोल ठरवावे. त्याच वर्षी त्यांचे शिष्य अहमदाबादला जमले आणि गुरूंच्या नावे विखुरलेल्या शाळांना एकत्र बांधणारे गांधर्व महाविद्यालय मंडळ त्यांनी स्थापन केले. पुढच्या वर्षी विनायकराव पटवर्धनांनी ऐन भरातील नाट्यव्यवसाय सोडला आणि 8 मे 1932 रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गुरूला दिलेला शब्द त्यांनी दहा वर्षे उशिरा, गुरूच्या माघारी पाळला. दत्तात्रेयाला आधी चुलतभाऊ चिंतामणराव पलुस्कर यांनी शिकवले होते. आता तो विनायकरावांकडे पुण्यात शिकू लागला. नारायणराव व्यासांनीही त्याला शिकवले. ज्या मुलांच्या पालकांनी कधी काळी कराराच्या कागदावर सह्या केल्या होत्या, तीच मुले आता गुरूच्या मुलाची पालक झाली. या वेळी कागद नव्हता, मुदत नव्हती आणि शुल्कही नव्हते.

1935 मध्ये, चौदाव्या वर्षी, दत्तात्रेय जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायला. पुढे डी. व्ही. पलुस्कर या नावाने तो ग्वाल्हेर गायकीचा लाडका गायक झाला. 1952 च्या बैजू बावरा चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासमवेतची त्यांची जुगलबंदी ज्यांनी शास्त्रीय संगीत कधी ऐकले नव्हते त्यांच्याही कानी पडली. ऑक्टोबर 1955 मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, हा या घराण्यावरील अखेरचा आघात.

फाळणीनंतर लाहोर सीमेपलीकडे गेले. सँडहर्स्ट रोडची इमारत त्याआधीच गेली होती. राहिली ती शिकवण्याची रीत. आज प्रारंभिकपासून विशारदपर्यंत सात वर्षांच्या आणि त्यापुढे अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षा मंडळ घेते, त्यांचे मूळ लाहोरच्या त्या वर्गात आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत काय किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या गावी काय, गायन, तबला, हार्मोनियम, की-बोर्ड किंवा पियानोची शिकवणी लावताना आईवडिलांच्या मनात तेच प्रश्न असतात. किती दिवसांत वाजवता येईल? परीक्षा कधी? दहावीच्या वर्षी बंद केले तर चालेल का? कार्यक्रमात संधी मिळेल का?

विष्णुबुवांच्या आयुष्यात या प्रश्नांची उत्तरे सापडतात, पण ती सोयीची नाहीत. शिक्षकाने वेळ पाळावी, काय शिकवणार ते आधी सांगावे आणि मुलाच्या प्रगतीचा हिशेब द्यावा, हा पालकांचा हक्क त्यांनीच प्रस्थापित केला. मुलाने रोज रियाज करावा, वर्ग चुकवू नये आणि शिकवणाऱ्याचा मान ठेवावा, ही त्याची दुसरी बाजू. पालकांच्या वाट्याला मात्र त्यांनी सर्वांत अवघड काम ठेवले. मूल मोठे कलावंत होवो वा न होवो, त्याचा कान तयार होईपर्यंत त्यांनी धीर धरायचा होता. लाहोरच्या रिकाम्या खोलीत रोज ठरल्या वेळी दार उघडून बसणाऱ्या विष्णुबुवांनी तो धीर आधी स्वतः धरला होता.